इल्या मेच्निकोव्ह

इल्या इल्यिच मेच्निकोव्ह (१५ मे १८४५ – १५ जुलै १९१६) हे रशियन साम्राज्यात जन्मलेले आणि पुढे फ्रान्समध्ये स्थायिक झालेले प्राणिशास्त्रज्ञ व सूक्ष्मजीवशास्त्रज्ञ होते. शरीरात शिरलेल्या जंतूंना गिळून नष्ट करणाऱ्या भक्षक पेशींचे कार्य त्यांनी उलगडून दाखवले. या कार्याबद्दल त्यांना १९०८ साली पॉल एर्लिख यांच्यासह वैद्यकशास्त्राचे नोबेल पारितोषिक विभागून देण्यात आले. आयुष्याच्या उत्तरार्धात त्यांनी माणसाच्या आतड्यातील जीवाणू आणि वार्धक्य यांच्या संबंधाचा अभ्यास केला. म्हातारपणी होणारा मेंदूचा ऱ्हास आतड्यातील जीवाणूंच्या विषांमुळे होतो, असे मत त्यांनी मांडले होते. त्यांच्या सिद्धांताचा मोठा भाग पुढे टिकला नाही. मात्र आतड्यातील जीवाणू आणि अल्झायमर रोग यांच्या संबंधावर आज चालू असलेल्या संशोधनाचे पूर्वसूरी म्हणून त्यांचे नाव घेतले जाते.

बालपण आणि शिक्षण

मेच्निकोव्ह यांचा जन्म आजच्या युक्रेनमधील खार्कीव्ह शहराजवळच्या एका खेड्यात झाला. त्यांचे वडील इल्या इव्हानोविच हे शाही सैन्यातील अधिकारी होते, तर आई एमिलिया या ज्यू वंशाच्या नेवाखोविच घराण्यातील होत्या. पाच भावंडांत इल्या सर्वांत धाकटे होते. त्यांचे एक बंधू लेव्ह हे भूगोलज्ञ म्हणून प्रसिद्धीस आले. दुसरे बंधू इव्हान हे न्यायाधीश होते; त्यांच्या मृत्यूवरून लिओ टॉलस्टॉय यांना इव्हान इल्यिचवरील आपली प्रसिद्ध कथा सुचली.

शालेय वयापासूनच मेच्निकोव्ह यांना वनस्पती व प्राणी यांचे विलक्षण आकर्षण होते. खार्कीव्ह विद्यापीठातील निसर्गविज्ञानाचा चार वर्षांचा अभ्यासक्रम त्यांनी दोनच वर्षांत, १८६४ साली, पूर्ण केला. त्यानंतर उत्तर समुद्रातील हेल्गोलँड बेट, गीसन, गटिंगेन, म्यूनिख आणि नेपल्स या ठिकाणी त्यांनी सागरी व इतर अपृष्ठवंशीय प्राण्यांचा अभ्यास केला. गीसन येथे असताना एका चपटकृमीच्या पेशी अन्नकण आपल्या आत घेऊन तेथेच पचवतात, असे त्यांना दिसून आले. पुढील सर्व संशोधनाचे बीज या निरीक्षणात होते.

ओडेसातील काळ आणि कौटुंबिक जीवन

मायदेशी परतल्यावर मेच्निकोव्ह यांनी ओडेसा व सेंट पीटर्सबर्ग येथे अध्यापन केले. १८७० पासून ते ओडेसा येथील विद्यापीठात प्राणिशास्त्राचे प्राध्यापक होते. १८६९ साली त्यांचा विवाह ल्युदमिला यांच्याशी झाला. वधू क्षयाने इतकी खंगली होती की विवाहासाठी तिला खुर्चीत बसवून चर्चमध्ये न्यावे लागले. पुढची चार वर्षे उपचारांसाठी ठिकठिकाणी हिंडण्यात गेली. १८७३ साली मदैरा बेटावर ल्युदमिला यांचे निधन झाले. या आघातानंतर मेच्निकोव्ह यांनी जीवन संपवण्याचा प्रयत्न केला. त्यातून ते वाचले.

१८७५ साली त्यांनी ओल्गा बेलोकोपितोव्हा यांच्याशी दुसरा विवाह केला. ओल्गा यांनी पतीला प्रयोगशाळेतील कामात साहाय्य केले आणि त्यांच्या निधनानंतर त्यांचे चरित्र लिहिले. विद्यापीठातील राजकीय तणाव आणि ओल्गा यांचा विषमज्वर यांमुळे खचलेल्या मेच्निकोव्ह यांनी १८८१ साली पुनरावर्ती ज्वराच्या रुग्णाचे रक्त स्वतःला टोचून घेतले आणि ते गंभीर आजारी पडले. या आजारातून उठल्यावर त्यांच्या वृत्तीत मोठा पालट झाला. जीवनाविषयीची त्यांची पूर्वीची निराशा मावळली, आणि माणसाचे आयुष्य निरोगी व दीर्घ कसे करता येईल हा प्रश्न त्यांच्या विचारांच्या केंद्रस्थानी आला.

भक्षक पेशींचा शोध

१८८२ साली विद्यापीठाचा राजीनामा देऊन मेच्निकोव्ह सहकुटुंब सिसिलीतील मेसिना येथे गेले. तेथे राहत्या घरीच त्यांनी लहानशी प्रयोगशाळा थाटली. त्या वर्षाच्या डिसेंबरात ते तारामाशाच्या पारदर्शक अळ्यांमधील हालचाल करणाऱ्या पेशींचे निरीक्षण करीत होते. या पेशी शरीराचे बाहेरून आलेल्या घातक वस्तूंपासून रक्षण करीत असाव्यात, अशी कल्पना त्यांच्या मनात आली. ती पडताळण्यासाठी त्यांनी अळ्यांच्या शरीरात गुलाबाचे बारीक काटे खुपसले. दुसऱ्या दिवशी सकाळी प्रत्येक काट्याभोवती त्या पेशींचा गराडा पडलेला दिसला.

माणसाच्या रक्तातील पांढऱ्या पेशी हेच काम करतात, असा निष्कर्ष त्यांनी काढला. पुढे पाणपिसू या सूक्ष्म जलचरात शिरलेल्या बुरशीच्या बीजाणूंना त्याच्या पेशी गिळतात, हे त्यांनी दाखवले. तोपर्यंत सूज आणि पू यांकडे केवळ रोगाची लक्षणे म्हणून पाहिले जात असे. मेच्निकोव्ह यांनी त्यांचा अर्थ शरीराने दिलेला लढा असा लावला. रक्तद्रवातील घटकच रोगापासून संरक्षण करतात असे मानणाऱ्या जर्मन शास्त्रज्ञांशी त्यांचा दीर्घकाळ वाद झाला. पेशी आणि रक्तद्रव या दोहोंचाही रोगप्रतिकारात वाटा असतो, हे पुढे स्पष्ट झाले. १९०८ चे नोबेल पारितोषिक दोन्ही पक्षांच्या प्रतिनिधींना विभागून मिळाले, हे या संदर्भात लक्षणीय आहे.

पाश्चर संस्था आणि कॉलऱ्याचे प्रयोग

१८८६ साली मेच्निकोव्ह ओडेसा येथील जीवाणू संशोधन केंद्राचे संचालक झाले, परंतु स्थानिक विरोधामुळे त्यांनी ते पद सोडले. १८८८ साली लुई पाश्चर यांनी त्यांना पॅरिसमधील आपल्या नव्या संस्थेत जागा दिली. उर्वरित आयुष्य त्यांनी तेथेच संशोधनात घालवले. १९०४ साली ते संस्थेचे उपसंचालक झाले.

आतड्यातील जीवाणूंकडे त्यांचे लक्ष वेधले ते कॉलऱ्यामुळे. एकाच गावातील काही माणसे कॉलऱ्याला बळी पडतात आणि काही सुखरूप राहतात, याचे कारण ते शोधत होते. १८९२ साली त्यांनी कॉलऱ्याचे जंतू स्वतः प्राशन केले. त्यांना काही झाले नाही. मात्र त्यांच्यामागून हाच प्रयोग करणारा एक स्वयंसेवक मरणाच्या दारी जाऊन परतला. बशीत जंतू वाढवताना काही जीवाणू कॉलऱ्याच्या जंतूंची वाढ रोखतात, तर काही तिला साहाय्य करतात, असे त्यांना आढळले. त्यावरून, माणूस आजारी पडणे अथवा न पडणे हे त्याच्या आतड्यात आधीपासून वस्ती करून असलेल्या जीवाणूंवरही अवलंबून असते, असे अनुमान त्यांनी केले. याच संस्थेत आँरी तिसिए यांनी अंगावर दूध पिणाऱ्या बाळांच्या आतड्यातील बिफिडोबॅक्टेरियाचा शोध लावला. १९०१ साली मँचेस्टर येथे दिलेल्या व्याख्यानात मेच्निकोव्ह यांनी मानवी शरीरातील जीवाणूंच्या एकूण समूहाचा विषय मांडला.

वार्धक्य आणि मेंदू

१९०३ साली प्रसिद्ध झालेल्या मानवी स्वभावावरील ग्रंथात मेच्निकोव्ह यांनी वार्धक्याच्या शास्त्रीय अभ्यासासाठी 'जेरोन्टॉलॉजी' ही संज्ञा वापरली. वार्धक्य ही अटळ नियती नसून ती रोगासारखी अवस्था आहे, म्हणून तिच्यावर उपायही शोधता येईल, अशी त्यांची भूमिका होती. मोठ्या आतड्यात साचणाऱ्या मळातील कुजवणारे जीवाणू फिनॉल, इंडोल, पॅराक्रेझॉल यांसारखी द्रव्ये तयार करतात. ही द्रव्ये रक्तात शोषली जातात आणि अवयवांना हळूहळू विषबाधा करतात, असे त्यांचे म्हणणे होते. या मताच्या पुष्ट्यर्थ त्यांनी निरनिराळ्या प्राण्यांची आतडी आणि आयुर्मान यांची तुलना केली. फळे खाणाऱ्या मोठ्या वटवाघळांच्या आतड्यांचाही त्यांनी सहकाऱ्यांसह अभ्यास केला.

मेंदूविषयीचे त्यांचे मत या सिद्धांताचाच भाग होते. जंतूंपासून रक्षण करणाऱ्या भक्षक पेशीच म्हातारपणी, विषांनी दुर्बळ झालेल्या चेतापेशींवर उलटतात व त्यांना गिळतात, असे त्यांनी प्रतिपादन केले. वृद्धांच्या मेंदूच्या सूक्ष्मदर्शकाखालील निरीक्षणांत त्यांना चेतापेशींभोवती लहान पेशींचे वेढे दिसले होते. समकालीन मेंदूतज्ज्ञांपैकी काहींना हा अर्थ मान्य नव्हता. वेढा घालणाऱ्या पेशी चेतापेशींना मारतात की आधीच मेलेल्या पेशींची सफाई करतात, हा वादाचा मुद्दा होता.

याच सुमारास, ३ नोव्हेंबर १९०६ रोजी, जर्मनीतील ट्यूबिंगन येथे आलोइस अल्झायमर यांनी एका स्त्रीच्या मेंदूतील विकृतींचे वर्णन सादर केले. वयाच्या एक्कावन्नाव्या वर्षी तिला स्मृतिभ्रंशासाठी रुग्णालयात दाखल केले होते. १९१० साली एमिल क्रेपेलिन यांनी या आजाराला अल्झायमर यांचे नाव दिले. मेच्निकोव्ह यांचे विवेचन सामान्य वार्धक्याविषयी होते; त्यांनी अल्झायमर रोगाचा स्वतंत्र सिद्धांत मांडलेला नाही.

दह्याचा पुरस्कार

कुजवणाऱ्या जीवाणूंना रोखण्यासाठी आतड्यात आम्लता वाढवावी, आणि त्यासाठी आंबवलेले दूध घ्यावे, असा उपाय मेच्निकोव्ह यांनी सुचवला. बल्गेरियातील दही खाणाऱ्या शेतकऱ्यांमध्ये दीर्घायुषी माणसे पुष्कळ आढळतात, या माहितीचा त्यांनी आधार घेतला. त्या दह्यातील जीवाणू १९०५ साली स्टामेन ग्रिगोरोव्ह या बल्गेरियन विद्यार्थ्याने जिनिव्हा येथे शोधला होता. मेच्निकोव्ह स्वतः १८९८ पासून नियमाने आंबवलेले दूध घेत. त्यांच्या १९०४ च्या पॅरिसमधील व्याख्यानानंतर वृत्तपत्रांनी हा विषय उचलून धरला. युरोप व अमेरिकेत दही औषधाच्या दुकानांतूनही विकले जाऊ लागले.

टीका आणि दुष्परिणाम

मेच्निकोव्ह यांनी आहारातून जीवाणू बदलण्याचा मार्ग पसंत केला होता. परंतु आतड्यातील मळामुळे शरीरात विष भिनते, या त्या काळी सर्वत्र पसरलेल्या कल्पनेचा काही शल्यविशारदांनी वेगळाच उपयोग केला. लंडनमध्ये विल्यम आर्बुथनॉट लेन यांनी जुनाट बद्धकोष्ठाच्या रुग्णांची मोठी आतडी काढून टाकण्याच्या शस्त्रक्रिया केल्या. अमेरिकेत न्यू जर्सी येथील मनोरुग्णालयात हेन्री कॉटन यांनी, शरीरात दडलेल्या संसर्गामुळे मनोविकार होतात या समजुतीने, रुग्णांचे दात आणि पुढे मोठी आतडीही काढली. त्यात अनेक रुग्ण दगावले.

१९१९ साली वॉल्टर अल्व्हारेझ यांनी बद्धकोष्ठाची लक्षणे विषबाधेमुळे उद्भवतात या मताचे खंडन केले. १९२० च्या सुमारास येल विद्यापीठातील प्रयोगांत बल्गेरियन दह्यातील जीवाणू माणसाच्या आतड्यात वस्ती करत नाहीत, असे दिसून आले. बल्गेरियातील दीर्घायुष्याचा पुरावाही शास्त्रीय कसोटीवर उतरणारा नव्हता. या सर्वांमुळे आतड्यातील जीवाणूंचा मेंदूशी संबंध हा विषयच वैद्यकात दीर्घकाळ मागे पडला.

अखेरची वर्षे

१९०६ साली रॉयल सोसायटीने मेच्निकोव्ह यांना कॉप्ली पदक दिले. १९०९ च्या रशिया भेटीत त्यांनी यास्नाया पोल्याना येथे टॉलस्टॉय यांची भेट घेतली. १९११ साली ते क्षय व प्लेग यांच्या अभ्यासासाठी काल्मिक प्रदेशात गेले. पहिल्या महायुद्धामुळे पाश्चर संस्थेतील संशोधन विस्कळीत झाले. त्याच काळात त्यांचा हृदयविकार बळावला. ओल्गा यांच्या चरित्रानुसार, आपल्या शवविच्छेदनात आतडी नीट तपासावीत, असे त्यांनी सहकाऱ्याला सांगून ठेवले होते. १५ जुलै १९१६ रोजी वयाच्या ७१ व्या वर्षी पॅरिस येथे त्यांचे निधन झाले. त्यांच्या अस्थी पाश्चर संस्थेच्या ग्रंथालयात जतन केलेल्या आहेत.

महाराष्ट्राशी संबंध

मेच्निकोव्ह स्वतः भारतात काम करीत नव्हते, परंतु त्यांच्या शिष्यामार्फत त्यांच्या प्रयोगशाळेची परंपरा मुंबईत पोहोचली. वाल्देमार हाफकिन हे ओडेसा विद्यापीठात त्यांचे विद्यार्थी होते. ज्यू असल्याने रशियात त्यांना पुढे जाण्यास वाव नव्हता. १८८९ साली ते पॅरिसला पाश्चर संस्थेत आले व सुरुवातीस तेथील ग्रंथालयात काम करू लागले. कॉलऱ्याची लस तयार करून १८९३ साली ते भारतात आले. १८९६ साली मुंबईत प्लेगची साथ उद्भवली, तेव्हा त्यांनी ग्रँट मेडिकल कॉलेजमधील लहानशा जागेत प्लेगची लस बनवली आणि १० जानेवारी १८९७ रोजी ती प्रथम स्वतःला टोचून घेतली. १८९९ साली त्यांची प्रयोगशाळा परळ येथील जुन्या राजभवनात हलवण्यात आली. १९२५ साली तिला हाफकिन संस्था हे नाव मिळाले.

प्लेगची झळ मुंबईबाहेर खानदेशालाही बसली. जळगावच्या कवयित्री बहिणाबाई चौधरी यांचा मुलगा ओंकार याला प्लेगमुळे कायमचे अपंगत्व आले होते.

आतड्यातील जीवाणूंच्या आधुनिक अभ्यासातही महाराष्ट्राचा वाटा आहे. पुण्यातील राष्ट्रीय पेशी विज्ञान केंद्रात योगेश शौचे व सहकाऱ्यांनी तीन पिढ्या एकत्र राहणाऱ्या भारतीय कुटुंबांतील व्यक्तींच्या आतड्यातील जीवाणूंची तुलना केली. वयानुसार या जीवाणूंचे परस्पर प्रमाण बदलते, असे २०१२ साली प्रसिद्ध झालेल्या या अभ्यासात आढळले. एकाच घरातील माणसांचे अन्न व परिसर बहुतांशी समान असल्याने अशा तुलनेला विशेष महत्त्व असते.

अल्झायमर रोग आणि आजचे संशोधन

२०२३ साली प्रसिद्ध झालेल्या अंदाजानुसार भारतात साठ वर्षांवरील सुमारे ८८ लाख व्यक्तींना स्मृतिभ्रंश आहे. अल्झायमर रोग हे स्मृतिभ्रंशाचे सर्वांत मोठे कारण असून तो पूर्ण बरा करणारे औषध उपलब्ध नाही. त्यामुळे मेच्निकोव्ह यांनी उपस्थित केलेल्या प्रश्नाला नव्याने महत्त्व आले आहे.

शिकागो विद्यापीठातील संग्राम सिसोदिया यांच्या गटाने २०१६ साली, अल्झायमरसदृश विकृती असलेल्या उंदरांना प्रतिजैविके दिल्यावर नर उंदरांच्या मेंदूतील अमायलॉइडचे साठे घटतात, असे दाखवले. २०१७ साली लोझान येथील संशोधकांना जंतुविरहित वातावरणात वाढवलेल्या अशा उंदरांत अमायलॉइड कमी आढळले. त्याच वर्षी अमेरिकेतील विस्कॉन्सिन येथे अल्झायमर रुग्णांच्या आतड्यातील जीवाणूंची विविधता निरोगी व्यक्तींपेक्षा कमी असल्याचे दिसून आले. २०२३ साली आयर्लंडमधील कॉर्क येथील गटाने अल्झायमर रुग्णांच्या मळातील जीवाणू तरुण उंदीरवर्गीय प्राण्यांत रोपित केले असता त्यांची स्मरणशक्ती मंदावली.

मेंदूतील भक्षक पेशींविषयीच्या कल्पनेलाही नवा अर्थ मिळाला आहे. १९१९ साली पिओ देल रिओ ओर्तेगा यांनी वर्णन केलेल्या मायक्रोग्लिया या मेंदूतील भक्षक पेशी आहेत. अल्झायमरच्या प्रारंभीच्या अवस्थेत त्या चेतापेशींमधील जोडण्या गिळतात, असे २०१६ साली उंदरांवरील प्रयोगांत आढळले. आतड्यातील जीवाणू तंतुमय अन्नापासून जी लघुशृंखल मेदाम्ले तयार करतात, त्यांचा या पेशींच्या कार्यावर परिणाम होतो. म्हणजे मेच्निकोव्ह यांना दिसलेले दोन टोके, आतडे आणि मेंदूतील भक्षक पेशी, प्रत्यक्षात जोडलेली आहेत. ती जोडणारा दुवा मात्र त्यांनी मानला तसा साध्या विषबाधेचा नाही.

या निष्कर्षांना मर्यादा आहेत. प्राण्यांवरील प्रयोगांचे निकाल माणसाला जसेच्या तसे लागू होत नाहीत. अल्झायमरच्या रुग्णाचे खाणे, हालचाल व औषधे आजारामुळे बदलतात आणि त्यामुळेही आतड्यातील जीवाणू बदलू शकतात. म्हणून कारण कोणते व परिणाम कोणता हे ठरवणे कठीण जाते. इराणमध्ये २०१६ साली ६० रुग्णांवर १२ आठवडे केलेल्या चाचणीत जीवाणूयुक्त दुधाने बौद्धिक चाचणीचे गुण काहीसे सुधारले, परंतु २०१८ च्या चाचणीत, बहुतेक तीव्र आजार असलेल्या रुग्णांना, जीवाणूंच्या गोळ्यांचा लाभ झाला नाही. चीनमध्ये २०१९ साली आतड्यातील जीवाणूंवर कार्य करणाऱ्या, सागरी शैवालापासून बनवलेल्या औषधाला सशर्त मान्यता मिळाली. मात्र त्याची आंतरराष्ट्रीय चाचणी २०२२ मध्ये मध्येच थांबवण्यात आली.

आहाराच्या बाबतीतही विचार बदलला आहे. मेच्निकोव्ह यांचा भर बाहेरून चांगले जीवाणू पोटात घालण्यावर होता. आजच्या संशोधनाचा भर आतड्यात आधीच असलेल्या जीवाणूंना योग्य अन्न पुरवण्यावरही आहे. ज्वारी, डाळी, भाज्या यांतील तंतू आणि कच्च्या केळ्यातील लहान आतड्यात न पचणारा स्टार्च हे असे अन्न होय. जळगाव जिल्ह्यातील रावेर व यावल हे केळीसाठी प्रसिद्ध असलेले तालुके. कळण्याची भाकरी, केळी आणि ताक हे तेथील परिचित पदार्थ. असा आहार पचनास व एकंदर आरोग्यास हितकारक असला, तरी दही, केळी किंवा जीवाणूंच्या गोळ्या यांनी अल्झायमर टळतो अथवा बरा होतो, असे सिद्ध झालेले नाही.

वारसा

भक्षक पेशींचा शोध हा रोगप्रतिकारशास्त्राचा पाया मानला जातो. आंबवलेल्या दुधाविषयीच्या मेच्निकोव्ह यांच्या लेखनातून प्रेरणा घेऊन इसाक कारासो यांनी १९१९ साली बार्सिलोना येथे दह्याचे उत्पादन सुरू केले, आणि जपानमधील मिनोरू शिरोता यांनी १९३० साली लॅक्टोबॅसिलसच्या एका वाणाचे संवर्धन केले. प्रोबायोटिक या संकल्पनेचे जनक म्हणून मेच्निकोव्ह यांचा उल्लेख केला जातो. आतड्यातील जीवाणूंना वार्धक्याच्या व मेंदूच्या अभ्यासात स्थान देणारे ते पहिल्या शास्त्रज्ञांपैकी एक होते. त्यांच्या मांडणीतील पुराव्याने सिद्ध झालेला भाग आणि अनुमानाचा भाग वेगळे न केल्याने रुग्णांचे जे नुकसान झाले, त्याचाही उल्लेख वैद्यकाच्या इतिहासात त्यांच्या कार्याबरोबर केला जातो.